आधी तुमचं ताट वाढा

पत्र

नमस्कार मॅडम,

माझं वय ४७. आम्ही सिंहगड रोडला, आनंदनगरजवळ राहतो. मिस्टर नोकरी करतात, मुलगा बारावीला आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात. मी तीन वर्षं दारू पीत होते. दुपारी चारच्या सुमारास, स्वयंपाकघरात, एकटीच. स्टीलच्या पेल्यातून. माझ्या लग्नात आलेला, नाव कोरलेला पेला आहे. बघणाऱ्याला वाटायचं पाणीच पितेय. एप्रिलमध्ये भावाने आणि मिस्टरांनी मिळून उपचाराला नेलं. त्याला चार महिने होत आले. तेव्हापासून थेंबही घेतलेला नाही.

घरात त्या विषयावर कुणीच बोलत नाही. मीही नाही. पाचला उठते. डबे, सगळ्यांचा नाश्ता, सासूबाईंचं पथ्याचं, धुणं, बाजार. पोळ्यांना बाई होती, तिला मी नको सांगितलं. एवढा पैसा उडवलाय मी, आता निदान हाताने तरी करावं. सकाळपासून चहावरच असते. दोन-अडीचला सगळ्यांचं झालं की जेवते, कधी नुसता ताकभात. रात्री तीनला जाग येते ती येतेच. चार वाजता अजूनही आत काहीतरी हलतं, हात किंचित थरथरतात. सासूबाई शक्तीसाठी रोज दोन चमचे दशमूलारिष्ट देतात, ते मात्र बरं वाटतं.

सगळे म्हणतात, स्वतःची काळजी घे. बहीण व्हिडिओ पाठवते. मेणबत्त्या लावून अंघोळ, डायरी, फेसपॅक. मला लाज वाटते. एवढं करून ठेवल्यावर माझे कसले लाड? त्यात गौरी-गणपती तोंडावर आले, आमच्याकडे उभ्या गौरी असतात. रोज नेमकं काय करायचं ते साध्या शब्दांत सांगाल का?

तुमची एक वाचक

उत्तर

ताई,

बाकीचं सगळं नंतर बोलू. आधी ती दशमूलारिष्टाची बाटली. ती आजपासून बंद.

आसवं आणि अरिष्टं आंबवून करतात. काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून तो मुरत ठेवतात आणि मुरता मुरता त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. साधारण ५ ते १० टक्के, म्हणजे बिअरमध्ये असतो तितका, कधी त्याहून जास्त. लेबलवर बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं, चष्मा लावून बघा. औषध म्हणून ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, आपल्याकडे बाळंतिणींना पिढ्यान्‌पिढ्या देत आलेत. पण तुम्हाला ते चालणार नाही. चमचे दोनच असले तरी ती चव, घशाखाली उतरणारी ती ऊब मेंदू बरोबर ओळखतो. ‘ते मात्र बरं वाटतं’ असं तुम्ही लिहिलंत, ते कदाचित यामुळेच. आणि उपचारानंतर डॉक्टरांनी तुम्हाला डायसल्फिरामची, म्हणजे दारू पोटात गेली की त्रास व्हावा म्हणून देतात ती गोळी चालू केली असेल, तर एवढ्याशा मद्यार्कानेही त्रास होऊ शकतो. चेहरा लालबुंद होणं, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब एकदम खाली येणं. खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथीचे बरेचसे द्रवरूप अर्क आणि काही माउथवॉश यांतही मद्यार्क असतो. केमिस्टला दरवेळी विचारून घ्यायची सवय लावा.

सासूबाईंना मात्र बोल लावू नका. त्यांनी ते मायेने दिलं, आणि घरात कुणीच काही बोलत नसताना एवढी एकच गोष्ट त्यांना करता येत होती. एवढंच सांगा, “आई, डॉक्टरांनी आंबवलेली औषधं बंद करायला सांगितलीत, वैद्यांना विचारून दुसरं काहीतरी आणू.” न आंबवलेला साधा काढा मिळतो, गोळ्या, चूर्णं मिळतात. आणि हे वाचून ‘म्हणजे मी रोज घेतच होते की’ असा हिशेब मनात सुरू झाला असेल, तर तो इथेच थांबवा. माहीत नसताना दिलेलं औषध तुम्ही घेतलंत. तुमचे चार महिने चार महिनेच आहेत.

आता पोळ्यांच्या बाईंचं बोलू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य.

तुम्ही घराचं कर्ज फेडायला बसलात. रोज पाच ते रात्री अकरा, हप्ता भरल्यासारखं. यात अडचण अशी की मूळ रक्कम किती हे कुणी ठरवलेलंच नाही, त्यामुळे फिटलं असं कधी कुणी म्हणणार नाही. घरात विषय निघत नाही, तेव्हा ‘पुरे आता’ म्हणायची संधीही कुणाला मिळत नाही. व्यसनातून बाहेर येणाऱ्या बायकांमध्ये हे मी पुन्हा पुन्हा बघते आणि दरवेळी मला राग येतो. पुरुष केंद्रातून घरी आला की त्याला मऊ भात मिळतो, ‘दोन महिने दमाने घे’ असा सल्ला मिळतो, बायको त्याच्या आवडीची भाजी करते. बाई घरी आली की दुसऱ्या दिवशी तिच्या हातात झारा असतो. कुणी दिला नाही तर ती आपणहून घेते, कारण तिला शरम वाटत असते. आजार दोघांना एकच झालेला असतो.

राबून माफी मिळत नाही, ताई. थकवा मात्र मिळतो, आणि थकलेलं शरीर जुन्या औषधाची आठवण काढतं. मुलाची, यजमानांची माफी मागाविशी वाटत असेल तर ती तोंडाने मागा, शांतपणे, एकदा. लगेच नाही जमलं तरी चालेल. पण पोळ्यांच्या बाईंना उद्या फोन करा आणि परत बोलवा. त्यांचा महिन्याचा पगार हा तुमच्या उपचाराचा खर्च आहे, गोळ्यांसारखाच. यजमानांनाही तो असाच सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न, रोज काय करायचं. माझ्या दृष्टीने सगळ्याची सुरुवात ताटापासून आहे. रात्री नऊला जेवत असाल आणि दुसऱ्या दिवशी अडीचला, तर मधे साडेसतरा तास गेले. त्यात पोटात गेला फक्त चहा. एवढ्या उपाशीपणी कुणाचेही हात थरथरतील, घाम येईल, चिडचिड होईल, काहीतरी हवंय असं वाटेल. आणि तुमच्या शरीराला तीन वर्षं त्या ‘काहीतरी’ला एकच उत्तर माहीत होतं. भूक आणि तलफ आतून इतक्या सारख्या वाटतात की भल्याभल्यांना फरक कळत नाही. दारूतून शरीराला भरपूर उष्मांक मिळत होते, ते बंद झाल्यावर पहिले काही महिने गोडाची ओढ लागते ती त्यामुळेही.

तेव्हा उठल्यापासून तासाभरात काहीतरी खायचं. डबे भरण्याआधी. पोहे केलेत तर कढईतली पहिली बशी तुमची. ती ओट्यापाशी उभ्याने संपवायची नाही, खुर्चीवर बसून खायची. मला माहीत आहे, आपल्या घरांमध्ये बाईने सगळ्यांच्या आधी खाणं म्हणजे काहीतरी भलतंच वाटतं. पहिल्या आठवड्यात घास घशात अडकेल. सासूबाई बघतील. मुलगा कदाचित विचारेल, आई तू आधी कशी? त्याला सांगा, डॉक्टरांनी वेळेवर खायला सांगितलंय. बारावीतला मुलगा आहे, त्याला तेवढं पुरतं. खरं तर त्याला तुमच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त माहीत असणार.

दुपारचं जेवण साडेबारा-एकला. घरात कुणाचं व्हायचं राहिलं असेल तर ते वाढून घेतील. नुसत्या ताकभातावर भागवू नका, वरण किंवा उसळ, भाजी, पोळी किंवा भाकरी, सोबत ताक. खात असाल तर अंडं. आणि पावणेचारला, म्हणजे चार वाजायच्या आत, मूठभर फुटाणे आणि गूळ, किंवा शेंगदाण्याचा लाडू, किंवा केळं. मधुमेह असेल तर गोडाचं डॉक्टरांना विचारा. पाण्याची बाटली समोर ठेवा. एवढं पंधरा दिवस करून पाहा. चारची थरथर पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही, पण तिची धार बोथट होईल.

चार वाजता जे हलतं ते नुसत्या भुकेने हलत नाही, हेही खरं. तीन वर्षं त्या वेळी, त्या ओट्यापाशी, त्या पेल्यातून दारू आली. सासूबाई झोपलेल्या, दारं लोटलेली, पंख्याचा आवाज, हे सगळं मिळून मेंदूला ‘आता येणार’ अशी वर्दी देतं आणि तो तयारीला लागतो. तुमची इच्छाशक्ती कमी पडते असा याचा अर्थ नाही, लागलेली सवय अशीच चालते. तलफ चढते, टोकाला जाते आणि उतरते. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात. तेवढा वेळ तिच्याशी भांडत बसायचं नाही, तिथून उठायचं. म्हणून चारला तुम्ही स्वयंपाकघरात नसायचं, हा घरचा नियम करा. पावणेचारचं खाऊन चपला घाला आणि बाहेर पडा. विठ्ठलवाडीच्या देवळापर्यंत चालत जा. पाऊस असेल तर जिन्यात उतरा-चढा, शेजारी जाऊन बसा, भावाला फोन लावा. व्यायाम म्हणून त्याकडे बघू नका, तिथे नसणं एवढंच काम आहे. वाटेत ते दुकान लागत असेल तर वाट बदला. भाजी त्याच कोपऱ्यावरून घेत असाल तर भाजीवाला बदला, दोन रुपये जास्त गेले तरी.

आणि तो पेला. तुम्ही तो अजून वापरता का, हे लिहिलेलं नाही, पण मला वाटतं तो फडताळात पुढच्याच रांगेत असणार. तुमचं नाव कोरलेला, लग्नातला, माहेरची आठवण असलेला पेला भंगारात घाला असं मी सांगणार नाही. भावाकडे ठेवायला द्या. त्याला कारण सांगा, तो समजेल, त्यानेच तुम्हाला उपचाराला नेलंय. पाणी प्यायला काचेचा ग्लास घ्या, आरपार दिसणारा. साधी गोष्ट वाटते, पण हाताला जे लागतं आणि ओठाला जे लागतं त्याची आठवण फार खोल असते. स्टीलच्या काठाचा गारवाच पुष्कळ आहे जुनं जागं करायला.

चहाचं. किती कप होतात ते तुम्ही लिहिलं नाहीत, बहुधा मोजले नसतील. सगळा तोडू नका, एका वेळी एकच व्यसन सोडावं हे शहाणपणाचं. पण दुपारी दोननंतर नको. चहातलं कॅफीन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं बरंचसं रात्री अकराला अंगातच असतं.

झोपेबद्दल थोडा दिलासा. दारू सुटल्यावर झोप विस्कटते आणि ती नीट व्हायला कित्येक आठवडे, काहींना काही महिने लागतात. दारूमुळे स्वप्नांची झोप दाबली जाते, ती सुटल्यावर स्वप्नं जोरात येतात, त्यांत दारू पिण्याचीही येतात. बायका मला घाबरून सांगतात, मी स्वप्नात प्याले, म्हणजे मला अजून प्यायचंच आहे का? नाही. बरं होताना असं होतं. तीनला जाग आली की घड्याळाकडे बघू नका, मोबाइल हातात घेऊ नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात बसा, जप करा, वाती वळा, आणि डोळे जड झाले की परत या. झोपायची वेळ रोज तीच ठेवणं अवघड असतं, उठायची ठेवता येते, ती धरा. पण पाच कशाला? पोळ्यांच्या बाई आल्या की साडेपाच-सहा करता येईल. शेजारणीकडची झोपेची गोळी मात्र अजिबात नको. ज्या मेंदूला दारूची सवय लागली त्याला अशा बऱ्याच गोळ्यांचीही चटकन लागते. आणि एक, तुमचं वय ४७ आहे. पाळी जाण्याच्या वयात रात्री अंग गरम होणं, घाम, झोपमोड होते. सगळं दारूच्या माथी मारू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

बहिणीचे व्हिडिओ तिने प्रेमाने पाठवलेत, तिला तसं सांगा. मेणबत्त्या नकोत तर नकोत. पण कडकडीत नाही, कोमट पाण्याची, घाई न करता केलेली अंघोळ, केसांना तेल, गाउन बदलून चारच्या आत नेसलेली धुतलेली साडी किंवा ड्रेस, याला मी लाड म्हणत नाही. दिवसभर त्याच गाउनमध्ये असलं की बाहेर पडणं टळतं, आणि तुम्हाला चारला बाहेर पडायचंय. दातांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या, पिण्याच्या काळात तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

डायरीऐवजी कालनिर्णय घ्या. भिंतीवर असेलच, दुधाचा हिशेब ज्या चौकोनात लिहिता त्यातच. तीन अक्षरं, जे, झो, बो. वेळेवर जेवले, बऱ्यापैकी झोपले, कुणाशी तरी खरं बोलले. जे झालं त्याचं अक्षर लिहायचं, जे नाही झालं त्याची जागा रिकामी. बाकी एक शब्दही नको. घरात कुणाला अर्थ कळणार नाही. महिनाअखेरीला पानावर नजर टाकली की ज्या दिवशी चारचा त्रास जास्त झाला त्या चौकोनात काय रिकामं होतं ते तुम्हालाच दिसेल. व्यसनमुक्तीच्या गटांमध्ये चार धोके सांगतात, भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. तलफ आली की पहिल्यांदा या चारांपैकी काय आहे ते बघायचं. तुमच्या पत्रात मला चारही दिसले, राग थोडा कमी, तो बहुधा तुम्ही स्वतःवरच काढताय.

‘बो’ सगळ्यात अवघड जाईल. चार महिने तुम्ही हे एकटीने ओढलंत, याचं मला कौतुकही वाटतं आणि काळजीही. पुण्यात राहून हे एकटीने करायची गरज नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने १९८६ साली मुक्तांगण उभं केलं, तिथे आज स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे आणि घरच्यांशीही बोललं जातं. तुम्ही जिथे उपचार घेतलेत तिथलं फॉलोअपचं येणं सुटलं असेल तर परत सुरू करा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा पुण्यात मराठीत होतात, पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्या माणसांनी एकमेकांशी बोलून न पिण्याचे दिवस काढायला सुरुवात केली, तिथून ते आलं, आणि आजही त्याचं मुख्य काम तेच आहे. सभेला पुरुष जास्त असतात, पहिल्यांदा अवघडायला होईल. फोन करून विचारा, बायका येतात अशी सभा कुठली, किंवा कुणी बाई सोबत येईल का. काही जमलं नाही तर १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे आणि मन फार खाली गेलं तर १४४१६, टेलिमानस, ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. दोन्ही आकडे त्या कालनिर्णयाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

एक फोन रोजचा ठरवा, ठरलेल्या वेळी, बरं असलं तरी. फक्त तलफ आल्यावर फोन करायचा ठरवलं तर त्या क्षणी हात फोनकडे जात नाही. रोजचा असला की जातो.

गौरी-गणपती. इथे मी थोडी कडक होणार आहे. हरतालिकेचा उपवास या वर्षी नाही. निर्जळी तर मुळीच नाही. श्रावणातले सोमवार, शनिवार धरले असतील तर तेही सोडा, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणंही नको. आजारी माणसाला उपवासातून सूट आपल्या परंपरेने कायमच दिलेली आहे आणि तुम्ही उपचारावर आहात. हरतालिकेची पूजा करा, कहाणी वाचा, फराळ करा. गौरी जेवायच्या दिवशी पुरण, सोळा भाज्या, पंचामृत, दुपारी दोनपर्यंत नैवेद्य, मग सवाष्ण, मग पाहुणे, आणि घरची बाई साडेतीनला पानावर बसते. पुढचे चार तुमच्यासाठी कसे असतील ते तुम्हीच बघा. त्या दिवशी सकाळी दूध-केळं घेऊनच ओट्याशी उभं राहायचं. देवीला त्याचा राग येईल असं मला कधीच वाटलेलं नाही. पुरणपोळ्या बाहेरून आणा, तुमच्या भागात ऑर्डर घेणाऱ्या बायका मिळतील. जावा, नणंदा, बहीण, ज्या असतील त्यांना भाज्या वाटून द्या. गौरी उभ्या राहतील, दरवर्षीइतक्याच छान दिसतील. आणि कुणी पाहुणा ‘बसायचा’ विषय काढणारा असेल तर त्याला यजमानांनी आधीच सांगून ठेवावं.

कधी घसरलात तर, कारण हे बोलायलाच हवं. त्याच दिवशी एका माणसाला सांगा. लपवलेला एक पेला दुसऱ्याला बोलावतो, सांगितलेला बरेचदा तिथे थांबतो. पण पिणं काही दिवस पुन्हा रोजचं झालं, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. तेव्हा सरळ डॉक्टर किंवा इस्पितळ.

गौरींच्या आधी एक दिवस काढून डॉक्टरांकडे जाऊन या. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर, यकृताच्या तपासण्या. हाताची थरथर सांगा, पायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा. दारूमुळे शरीरातलं बी-१, म्हणजे थायमिन कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या असतील तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. अरिष्टाचंही सांगा. सगळं खरं सांगा. डॉक्टर बदलावेसे वाटले तर बदला, पण लपवू नका.

हे पत्र यजमानांना वाचायला द्या. पुढचं त्यांच्यासाठी आहे.

दादा, तुम्ही त्यांना उपचाराला नेलंत, त्यामुळे चार महिन्यांचं काही श्रेय तुमचंही आहे. घरातला विषय आता तुम्ही काढा, त्यांची वाट बघू नका. पोळ्यांच्या बाईंचा पगार तुम्ही ठरवा आणि तुम्हीच द्या. घरात बाटली नको, तुमची अधूनमधून असेल तीही नको, पाहुण्यांसाठीची तर नकोच. आणि रोज पावणेचारला ऑफिसातून एक फोन करा. ‘घेतली नाहीस ना’ असं चुकूनही विचारू नका. आज काय खाल्लंस, ते विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.